गॅस दर वर्षी का संपतो, हे आधी विचारा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून ते थोडक्यात असं:

“आमचं घर जुनं, दगडी. घरात तीन एसी आहेत. मधल्या खोलीतला हॉट अँड कोल्ड आहे, कारण यजमानांना दमा आहे आणि त्यांना ना मे सोसत ना जानेवारी. तिन्ही एसींचा वार्षिक करार एका ओळखीच्या माणसाकडे आहे. त्याचे वडील माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून आमचे पंखे-कूलर दुरुस्त करायचे. मुलाने आता दुकान वाढवलंय, हाताखाली पोरं ठेवलीत. वर्षाला साडेनऊ हजार देतो. प्रत्येक एसीचं वर्षातून तीनदा सर्व्हिसिंग ठरलं होतं, ते दोनदाच झालं आणि तेही वीस मिनिटांत उरकलं. मधल्या खोलीच्या एसीत सलग तीन उन्हाळे ‘गॅस खत्म हो गई’ म्हणून दर वेळी तीन हजार वेगळे घेतले. यंदा नौतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तो बंद पडला तेव्हा सहा दिवस कोणी फिरकलं नाही. गुडघ्यांमुळे यजमानांना वरच्या खोलीत जाता येत नाही, त्यांचे फार हाल झाले. थंडीत हाच एसी गरम हवा देता देता मध्येच थांबतो. दुकानातला पोरगा म्हणतो, ‘नॉर्मल है आंटीजी.’ दिवाळीला करार संपतोय. पुण्याचा मुलगा म्हणतो, सोडून दे, ॲपवरून माणूस बोलाव आणि त्या दुकानाबद्दल नेटवर लिही. हे म्हणतात, आपलीच माणसं, इथे मराठी घरं उरलीत किती, पैशांवरून बोलणं बंद व्हायला नको. शेजारी एका सुट्या सर्व्हिसिंगला सहाशे देतात. करार मोडू का? की माझ्याच अपेक्षा जास्त आहेत?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या अपेक्षा जास्त नाहीत. ज्या घरात दम्याचा माणूस आहे, तिथे पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सहा दिवस एसी बंद राहणं ही बारीकसारीक कुरबूर नव्हे. सहा दिवस तुम्ही ओल्या चादरी आणि पंख्यावर काढले असतील, रात्री त्यांच्या श्वासाकडे कान लावून बसला असाल, आणि तरी पत्रात दोष स्वतःकडे घेताय. तेवढं आधी मनातून काढून टाका.

आता तुमच्या तक्रारींकडे. पत्रात चार तक्रारी आहेत आणि सगळ्यांत जास्त ओळी तुम्ही उशिरावर खर्च केल्या आहेत. माझ्या मते सगळ्यांत गंभीर गोष्ट तुम्ही एका वाक्यात सांगून पुढे गेलात, ती म्हणजे तीन उन्हाळे, तीन वेळा गॅस.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो तांब्याच्या बंद नळीत फिरत राहतो, आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. तुमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्येही हेच चालतं. त्या फ्रिजमध्ये आजवर किती वेळा गॅस भरलात ते आठवून बघा. नीट बसवलेल्या एसीत वर्षानुवर्षं गॅस भरावा लागत नाही. दर वर्षी भरावा लागतोय, तर बहुतेक वेळा दोहोंपैकी एक गोष्ट असते. कुठेतरी गळती आहे आणि ती कोणी शोधलेली नाही. किंवा गॅस कमी नव्हताच, कॉइल धुळीने भरल्यामुळे थंडावा येत नव्हता आणि गॅसचं नाव घेणं सोपं होतं. नळीवर बर्फ दाखवून ‘देखिए, गॅस खत्म’ असं सांगायची पद्धत आहे. गॅस कमी असला की बर्फ जमतो हे खरं, पण जाळी तुंबून हवा अडली तरी अगदी तसाच बर्फ जमतो. त्यामुळे नुसत्या बर्फावरून काही ठरत नाही.

तुमच्याकडे मात्र तपासायचं एक साधन घरातच आहे, जे वडोदऱ्याच्या किंवा इंदूरच्या बऱ्याच वाचकांकडे नसेल. हॉट अँड कोल्ड एसी थंडीत हीटरची तार तापवत नाही. आतला एक व्हॉल्व्ह गॅसची दिशा उलटी करतो आणि बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून तो खोलीत आणतो. म्हणजे गारवा आणि ऊब दोन्ही त्याच गॅसवर. गॅस कमी असेल तर जानेवारीतही ऊब कमी पडायला हवी. यंदा जानेवारीत, ते मध्येच थांबणं सोडलं तर, खोली नीट तापत होती का? तापत असेल, तर मग मेपर्यंतच्या चार महिन्यांत गॅस गेला कुठे? संथ गळतीत असं होऊ शकतं, अशक्य नाही. पण दुकानदाराने तसं म्हटलं तर गळती आहे हे त्याने मान्य केलं, आणि मग ती न बुजवता पुन्हा पुन्हा गॅस भरण्याला उत्तर उरत नाही.

गळती कशी शोधतात हे माहीत असलं की समोरच्याने काय केलं आणि काय नाही, ते तुम्हालाच दिसेल. आधी नळीत नायट्रोजन दाबाने भरतात, जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघतात आणि काही तास दाब टिकतो का ते पाहतात. जोड पुन्हा बांधल्यावर पंप लावून आतली हवा नि दमटपणा काढतात, याला व्हॅक्यूम म्हणतात. पाच मिनिटांत हे होत नाही, किमान अर्धा तास तरी पंप चालू राहावा. त्यानंतर गॅस वजनकाट्यावर मोजून भरतात. गॅसचं नाव, म्हणजे आर ३२ की आर ४१०ए, आणि किती किलो लागतो, ते आऊटडोअरच्या (घराबाहेर बसवलेल्या भागाच्या) पाटीवर छापलेलं असतं. नळी नेहमीपेक्षा लांब असेल तर त्याहून थोडा जास्त लागतो. नुसतं गेज लावून ‘प्रेशर आ गया’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, किती ग्रॅम भरला? आणि एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नका: दाब तपासायला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन. कंप्रेसरमधल्या तेलाशी ऑक्सिजनचा दाबाखाली संबंध आला की स्फोट होऊ शकतो. सिलिंडर कोणता आणलाय ते विचारायला संकोच नको. आर ३२ हलका ज्वालाग्राही असतो, म्हणून झाळकाम करताना खिडक्या उघड्या आणि यजमान दुसरीकडे बसलेले हवेत.

तुमच्यासारख्या जुन्या दगडी घरांत मला पहिला संशय जोडांचा येतो. खोली घराच्या पोटात, आऊटडोअर गच्चीवर, नळी लांब, मध्ये कुठेतरी जोड दिलेला. दुसरा संशय कॉइलचा. आऊटडोअर गल्लीच्या अंगाला, उघड्या नालीच्या वर टांगलेलं असेल तर तिथून उठणाऱ्या वायूंनी तांबं काळं पडतं आणि पातळ होत जातं. तसं असेल तर नुसती जागा बदलूनही पुढची बरीच वर्षं त्रास वाचेल. वॉरंटीचं कार्डही शोधा. कंप्रेसरची आणि काही कंपन्यांत कॉइलचीही हमी बाकी एसीपेक्षा जास्त वर्षं असते.

थंडीतल्या थांबण्याबद्दल तो पोरगा बहुधा खरंच सांगत होता. ग्वाल्हेरच्या धुक्याच्या रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो. ऊब देत असताना बाहेरची कॉइल बाहेरच्या हवेपेक्षाही गार होते आणि तिच्यावर दव गोठून बर्फाचा थर बसतो. तो वितळवण्यासाठी एसी काही मिनिटं उलटा चालतो, त्या वेळी आतला पंखा थांबतो आणि मग पुन्हा गरम हवा येते. तेव्हा आऊटडोअरमधून पाणी टपकतं, तेही ठीकच. पाच-दहा मिनिटांत पुन्हा ऊब येत असेल तर बिघाड नाही. अर्धा अर्धा तास येत नसेल, किंवा आऊटडोअरवर बर्फ दिवसभर तसाच राहत असेल, तर मात्र दाखवा. त्याने हे चार वाक्यांत समजावलं असतं तर तुमचा विश्वास एवढा उडाला नसता. पण न समजावणं आणि फसवणं यात फरक आहे, आणि तुम्ही दोन्हींचा राग एकत्र धरलाय असं पत्र वाचताना जाणवलं.

त्या पोराबद्दल आणखी थोडं. मे महिन्यात भर दुपारी तापलेल्या गच्च्यांवर आणि पत्र्यांवर उकिडवं बसून एकामागून एक घरं करणारा तो असतो. या धंद्यात बऱ्याच ठिकाणी पगार थोडा आणि कॉलमागे पैसे, शिवाय गॅस किंवा पार्ट विकला की वरचे काही. अशा व्यवस्थेत काम वीस मिनिटांत उरकलं जातं आणि गॅसचं निदान चटकन होतं. त्याच्यावर डाफरून यातलं काही बदलणार नाही. बोलायचं ते दुकानदाराशी. पोराला पाणी द्या, आणि काम पूर्ण होईपर्यंत शेजारी उभ्या राहा.

वीस मिनिटांत एसीची ओली सर्व्हिस होत नाही. इनडोअरला पिशवी बांधून जेट पंपाने कॉइल आणि आतला ब्लोअर धुणं, पाण्याची नळी फुंकून मोकळी करणं, मग आऊटडोअरची कॉइल मागून धुणं, या सगळ्याला एका एसीमागे पाऊण ते एक तास लागतो. नुसती जाळी धुऊन वरून फडकं मारलं तर त्याला सर्व्हिसिंग म्हणू नका. जाळी तर तुम्हीच धुवायची असते, आणि हे माझ्याकडून थोडं तुमच्या वाट्याचं. पत्रात त्याचा उल्लेख नाही. एरवी पंधरा दिवसांनी, आणि मे-जूनमध्ये आंधी येऊन गेली की दुसऱ्याच दिवशी जाळी काढून नळाखाली धरायची आणि सावलीत वाळवायची. ग्वाल्हेरची बारीक धूळ आठवड्याभरात जाळी बुजवते. करार कितीही चांगला असो, हे काम करायला वर्षातून तीनदा येणारा माणूस पुरा पडणार नाही.

सर्व्हिसिंग झाल्यावर खरंच फरक पडला का, हे साध्या डिजिटल थर्मामीटरने बघता येतं. एसी सोळा अंशांवर आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवून वीस मिनिटं चालवा. वर आत ओढली जाणारी हवा आणि खाली बाहेर पडणारी हवा यांत साधारण आठ ते बारा अंशांचा फरक हवा. पावसाळ्यातल्या दमट दिवसात तो थोडा कमी येतो. आकडा तारखेसह वहीत लिहा. पुढच्या वेळी ‘गॅस कम है’ म्हटलं की वही पुढे करा.

आता पैशांचं. शेजाऱ्यांचा सहाशेचा दर धरला तर तीन एसींची तीनदा सर्व्हिस म्हणजे पाच हजार चारशे. तुम्ही देता साडेनऊ. वरचे चार हजार शंभर कशाचे, हे तुम्हा दोघांपैकी कोणी कधी बोललंच नाही. पार्ट आणि गॅस त्यात धरलेले नाहीत, हे तीन-तीन हजारांवरून दिसतंच. म्हणजे तो जादा पैसा फक्त एकाच गोष्टीचा असू शकतो: बिघडलं की आधी तुमच्याकडे यायचं. नेमकं तेच यंदा झालं नाही. तुम्ही मनात धरून चाललात की करार म्हणजे काळजी मिटली. त्याने धरलं की करार म्हणजे सवडीने दोन-तीन फेऱ्या. कागदावर काय लिहिलंय? माझा अंदाज, रक्कम आणि सही, बाकी कोरं.

तुमचे यजमान म्हणतात ते मी हलकं लेखत नाही. लष्करात काय, इंदूरच्या जुन्या पेठांत काय, वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात काय, दोन पिढ्यांची अशी ओळख म्हणजे रात्री-अपरात्री हाक मारायला हक्काचं माणूस. ते जपावंच. पण हिशेब विचारला की नातं तुटतं, हे कुणी ठरवलं? त्याच्या वडिलांना तुमचे सासरे कूलरच्या मोटरचं काय झालं ते विचारत नसतील का? मला तर वाटतं, सहा दिवस मनात धुमसून, पुढे न सांगता दुसऱ्याला बोलावलंत तर नात्याला जास्त धक्का बसेल. त्याला कारणही कळणार नाही आणि रस्त्यात भेटल्यावर दोघांनाही नजर चोरावी लागेल.

म्हणून बोलणं यजमानांनी करावं. संबंध त्यांच्या घरातून आलेला आहे, आणि ते बोलले की त्याला तक्रार कमी आणि काळजी जास्त ऐकू येईल. घरी चहाला बोलवा, दुकानात गिऱ्हाइकांसमोर नको. गॅसच्या तिन्ही पावत्या पुढे ठेवा. पावत्या नसतील तर पैसे दिल्याच्या मोबाइलवरच्या नोंदी. म्हणा, “अरे, तीन वर्षांत नऊ हजारांचा गॅस गेला. गळती कुठे आहे ते शोधून दे, त्याचे पैसे देतो. नुसता गॅस भरायचे आता देणार नाही.” एवढंच. फसवलंस वगैरे शब्द नकोत, ते सिद्ध झालेलं नाही.

तो तयार झाला तर नवीन करार एका पानावर लिहून घ्या. कोणत्या महिन्यांत सर्व्हिस (ग्वाल्हेरला मार्च, जुलै आणि ऑक्टोबर मला योग्य वाटतात), ती जेट पंपाने, बंद पडल्याचा फोन केल्यापासून किती तासांत माणूस येणार, नाही आला तर बाहेरून करून घेतलेल्या कामाचे पैसे करारातून वजा, गॅस भरण्याआधी गळतीची तपासणी आणि भरलेल्या गॅसचं वजन पावतीवर. मी तुमच्या जागी असते तर करार फक्त मधल्या खोलीच्या एसीचा केला असता आणि बाकी दोघांना सुटी सर्व्हिस. तातडी तुम्हाला एकाच खोलीची आहे.

तुमच्या मुलाचं म्हणणं अर्धं पटतं. ॲपवरून येणारा माणूस सहसा वेळेवर येतो, दर आधी कळतात, सुट्या सर्व्हिसिंगला ते सोयीचंच आहे. पण दर वेळी नवा माणूस, त्याला तुमच्या नळीचा जोड कुठे आहे ते ठाऊक नाही, आणि नौतप्यात त्यांच्याही तारखा लांब जातात. गळतीसारखं चिकाटीचं काम त्याच्याकडून होईलच असं नाही. नेटवर लिहायचं ते अगदी शेवटी, आणि लिहाल तेव्हा फक्त तारखा आणि घडलेलं लिहा.

बोलूनही काही झालं नाही तर कायदा तुमच्या बाजूने आहे, हेही सांगून ठेवते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे घेऊन कबूल केलेली सेवा न देणं ही सेवेतली त्रुटी धरली आहे. आधी लेखी पत्र किंवा ईमेल द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. ओळखीच्या माणसाशी हे करावं असं मी सुचवत नाही. कंपनीच्या सेवाकेंद्राशी असाच वाद चाललेल्या वाचकांनी मात्र हा परिच्छेद जपून ठेवावा. त्यांना दुकानदाराच्या भिडेचा प्रश्न नाही.

यजमानांसाठी पुढच्या नौतप्याची तयारी कराराबाहेर करा. गुडघ्यांमुळे वरची खोली नाही म्हणता, तर तळमजल्यावरच दुसरी एखादी खोली त्यांच्यासाठी ठरवता येईल का? वरचा एक एसी तिथे खाली हलवणं हा दोन-तीन हजारांचा खर्च असेल, पण एक बिघडला तर दुसरा हाताशी राहील. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात कूलरही उत्तम चालतो, फक्त दम्याच्या माणसासाठी खस जुनी, कुबट नको. त्यांच्या डॉक्टरांना विचारून मगच लावा. आऊटडोअरवर ऊन येतं म्हणून पत्र्याची पेटी बांधू नका, त्यात गरम हवा कोंडते. वरून सावली असू द्या, चारही बाजू मोकळ्या.

गळती शोधायचं काम दिवाळीच्या कराराशी बांधून ठेवू नका. ऑक्टोबरात दुकानांना काम कमी असतं, नायट्रोजनचा सिलिंडर गच्चीवर चढवायला आणि चार तास दाब बघत बसायला पोरांना वेळ असतो. दुकानदार टाळाटाळ करतोय असं दिसलं तर कंपनीच्या सेवाकेंद्राकडून ते करून घ्या आणि करार पुढे चालवू नका. पंखे-कूलरचं काम त्याच्याकडेच राहू द्या. डिसेंबरची थंडी पडेपर्यंत मधल्या खोलीचा एसी तपासून, मोजून भरलेला हवा, कारण तेव्हा यजमानांना त्याची गरज मे महिन्याइतकीच असेल.